परीकथांतल्या मुली गप्प कशा झाल्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षांच्या मुलीला आणि तिच्या धाकट्या भावाला परीकथा वाचून दाखवताना तुम्हाला सारखं खटकतं, की त्यातली चांगली बाई तरुण, देखणी, सोशिक आणि बहुधा झोपलेली असते. जिच्या हातात थोडीफार सत्ता असते ती मात्र चेटकीण निघते, नाहीतर सावत्र आई. लोककथा मुळातच अशा आहेत का, आणि असतील तर त्या मुलांना सांगाव्यात का?

लोककथांचे पाठभेद शोधणं आणि त्या मुलांसमोर सांगणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे. तुम्हाला खटकतं ते खरंच आहे, मनाचे खेळ नाहीत. पण पुस्तक तुमच्या हाती येईपर्यंत गोष्टीवरून बऱ्याच जणांचे हात फिरलेले असतात: सांगणारीचा, लिहून घेणाऱ्याचा, संपादकाचा, निवड करणाऱ्या प्रकाशकाचा. स्त्रीपात्र कसं दिसणार हे त्यातल्या प्रत्येकाने थोडं थोडं ठरवलेलं असतं. म्हणून 'ही गोष्ट चांगली की वाईट' असं विचारण्याआधी मी नेहमी विचारते, 'कुणी सांगितलेली?'

लाल टोपीवाल्या मुलीचंच बघा. फ्रान्सच्या निव्हर्ने भागात 1885 च्या सुमारास आशिल मिलियाँ या संग्राहकाने ही गोष्ट लोकांच्या तोंडून टिपून घेतली. तिच्यात लाल टोपी नाही. लांडगा आजीला मारून तिच्या जागी झोपतो, मुलगी येते, त्याच्या सांगण्यावरून अंथरुणात शिरते, आणि काहीतरी भयंकर चाललंय हे तिच्या लक्षात येतं. ती म्हणते, "आजी, मला बाहेर जायचंय." लांडगा म्हणतो, "इथेच कर." ती हट्ट सोडत नाही. शेवटी तो तिच्या पायाला लोकरीची दोरी बांधून तिला बाहेर सोडतो. अंगणात गेल्यावर ती दोरी सोडून आलुबुखाऱ्याच्या झाडाला बांधते आणि घराकडे धूम ठोकते. लांडगा मागे धावतो, पण तो पोचेपर्यंत ती घरात शिरलेली असते. शिकारी नाही, कुऱ्हाड नाही, सुटका करायला कुणीही येत नाही.

आता शार्ल पेरॉ या फ्रेंच लेखकाची 1697 ची छापील कथा घ्या. लाल टोपी त्याच्या कथेत आहे. तिथे लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. पुढे पद्यात तात्पर्य येतं: देखण्या, सभ्य घरच्या मुलींनी अनोळखी माणसांचं ऐकू नये, आणि गोड बोलणारे लांडगे सगळ्यात घातक. म्हणजे खाल्लं जाणं हा मुलीच्या चुकीचा परिणाम ठरला. 1812 मध्ये ग्रिम बंधू या जर्मन संग्राहकांनी शिकाऱ्याला आणलं. तो लांडग्याचं पोट कापून मुलीला आणि आजीला बाहेर काढतो आणि मुलगी मनाशी ठरवते, की आई नको म्हणाली असेल तेव्हा वाट सोडून जायचं नाही. आज जवळपास सगळीकडे हीच आवृत्ती सांगितली जाते.

निव्हर्नेची नोंद पेरॉनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी झालेली आहे. त्यामुळे 'मूळ गोष्टीतली मुलगी हुशार होती आणि पेरॉने तिला मारलं' असं सोपं विधान मी करणार नाही. पण पेरॉचं पुस्तक सगळीकडे पोचलेलं असताना लोकांच्या तोंडची मुलगी स्वतःच्या डोक्याने सुटत राहिली, एवढं तर दिसतंच. चीनमधल्या वाघ-आजीच्या गोष्टींमध्येही मुलगी हेच निमित्त सांगून आणि अशीच दोरी सोडून निसटते. आणखी एक गोष्ट, जी बहुतेक पुस्तकांतून गाळली जाते: खुद्द ग्रिम बंधूंनी या कथेला दुसरा शेवट जोडलेला आहे. दुसऱ्या खेपेला दुसरा लांडगा भेटतो. मुलगी सरळ आजीकडे जाते, दोघी दार लावून घेतात. लांडगा छपरावर दबा धरून बसतो, तेव्हा आजी नातीला दगडी टाकी सॉसेज शिजवलेल्या वासाच्या पाण्याने भरायला सांगते, लांडगा वास घेत घेत घसरतो आणि त्या टाकीत बुडतो. आजी आणि नात, दोघींचं काम. हा शेवट पुस्तकांतून का गेला हे प्रत्येक प्रकाशकाला विचारावंसं वाटतं.

ग्रिम बंधूंबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या मनातली परीकथा बरीचशी त्यांच्या पुस्तकातून आलेली आहे. पहिला खंड 1812 चा, दुसरा 1815 चा, आणि त्यानंतर 1857 पर्यंत एकूण सात आवृत्त्या. या पंचेचाळीस वर्षांत, मुख्यतः धाकटा भाऊ विल्हेल्म, कथांवरून सतत हात फिरवत राहिला. 1812 च्या हिमगौरीत तिच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई आहे. 1819 मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून या असं नवऱ्याला सांगणारी बाईही आधी आईच होती, 1840 च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. आई म्हणजे माया आणि घराचं पावित्र्य, अशी तेव्हाच्या मध्यमवर्गीय कुटुंबाची धारणा होती. पुस्तक त्याच कुटुंबांत वाचलं जाणार होतं. आईला आपल्या लेकराचा हेवा वाटू शकतो, उपासमारीत ती त्याला टाकूनही देऊ शकते, हे त्या घरात बोलणं शक्य नव्हतं. मग ते सगळं सावत्र आईच्या माथी मारलं गेलं.

सावत्र आई निव्वळ संपादकाची करणी मात्र नाही. बाळंतपणात बायका मरत, पुरुष दुसरं लग्न करत, आणि थोड्याशा जमिनीवर किंवा पैशांवर दोन आयांच्या मुलांचा हक्क लागे. तो ताण लोककथांत फार आधीपासून आहे. नवव्या शतकात दुआन चंगशी या चिनी लेखकाने नोंदवलेल्या ये शियानच्या गोष्टीतही सावत्र आई मुलीला छळते, तिने जीव लावलेला मासा मारून खाते, आणि मुलगी त्या माशाच्या हाडांकडे मागणं मागते. सोन्याची पादुका, राजा, शोध, सगळं तिथे आहे, पेरॉच्या सिंड्रेलाच्या आठशे वर्षं आधी.

मला जास्त टोचतं ते दुसरंच. या सगळ्या छळात बाप कुठे असतो? ग्रिमच्या सिंड्रेलेत तो जिवंत आहे, त्याच घरात राहतो. राजपुत्र बूट घेऊन दारात येतो आणि आणखी मुलगी आहे का असं विचारतो, तेव्हा बाप म्हणतो, मेलेल्या बायकोची एक खुरटलेली पोर आहे, पण ती काही तुमची नवरी असणं शक्य नाही. गोष्ट ऐकून उठताना मुलांना सावत्र आईचा राग आलेला असतो, बापाबद्दल कुणी काही बोलत नाही. मी मुद्दाम विचारते, "तिचे बाबा काय करत होते?" आणि खोलीत एकदम गलका होतो. लहान मुलांनाही तो प्रश्न आतून पडलेलाच असतो.

1893 मध्ये मॅरियन रोआल्फ कॉक्स या इंग्रज अभ्यासिकेने सिंड्रेला-कुळातले 345 पाठभेद एकत्र मांडले. त्या कुळात तीन मोठ्या शाखा आहेत. एकीत मुलीला सावत्र आई छळते. दुसरीत बापच स्वतःच्या मुलीशी लग्न करायला निघतो आणि ती जनावराचं कातडं पांघरून पळून जाते, परमुलखात मोलमजुरी करते. तिसरीत 'माझ्यावर किती प्रेम करतेस' या प्रश्नाचं उत्तर आवडलं नाही म्हणून बाप मुलीला हाकलतो. पेरॉने आणि ग्रिम बंधूंनी दुसऱ्या शाखेतल्या कथाही छापलेल्या आहेत. आज मुलांच्या पुस्तकांत कोणती शाखा उरली? फक्त पहिली. बाईने बाईला छळलं की ते मुलांसाठी योग्य मानलं गेलं, बापाने मुलीला छळलं की ती गोष्ट मागच्या कपाटात गेली. विषय नाजूक आहे, सात वर्षांच्या मुलीला ती कथा सांगा असं मी म्हणत नाही. पण 'परीकथांत बायकाच बायकांच्या वैरी असतात' असं कुणी म्हटलं, की ही निवड कशी झाली ते मला सांगावंसं वाटतं.

विल्हेल्मच्या हातून आणखी एक गोष्ट झाली, जी पटकन डोळ्यांत भरत नाही. अभ्यासिका रुथ बॉटिगहायमर यांनी ग्रिमच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून कोण किती बोलतं ते तपासलं. आवृत्ती दर आवृत्ती चांगल्या मुलीची वाक्यं कमी होत जातात. तिचं थेट बोलणं 'ती म्हणाली की' मध्ये विरतं, नाहीतर नुसतं मनात राहतं. त्याच वेळी दुष्ट बायकांची आणि पुरुषांची बोलणी वाढतात. मनोऱ्यात कोंडलेल्या आणि लांब केसांनी लोकांना वर ओढून घेणाऱ्या रापुंझेलचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. 1812 मध्ये ती म्हाताऱ्या परीला भाबडेपणाने विचारते, माझे कपडे इतके घट्ट का होऊ लागले? तिला दिवस गेलेत हे वाचणाऱ्याला कळतं. यावर टीका झाली आणि ते वाक्य गेलं. नव्या आवृत्तीत ती चेटकिणीला विचारते, तुम्हाला वर ओढताना राजपुत्रापेक्षा जास्त जड का जातं? लाज झाकली, पण मुलगी बावळट झाली. पहिल्या रूपात तिला तिच्या शरीराबद्दल कुणीही काही सांगितलेलं नाही आणि म्हणून ती फसते. दुसऱ्या रूपात ती स्वतःच्याच तोंडाने फसते.

दोन गोष्टींतलं चुंबनही असंच. हिमगौरी राजपुत्राच्या चुंबनाने जागी होते असं सगळ्यांना वाटतं, ते चित्रपटामुळे. ग्रिमच्या शेवटच्या आवृत्तीत शवपेटी वाहून नेताना नोकरांना ठेच लागते, हिसका बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. बेडूक-राजाची गोष्ट तर फारच बदलली. ग्रिमच्या पुस्तकातली ती पहिलीच कथा. बेडूक मुलीच्या ताटात जेवतो, मग तिच्या अंथरुणात झोपायचा हट्ट धरतो, आणि बाप म्हणतो, वचन दिलंयस तर पाळ. मुलीला संताप येतो. ती बेडकाला उचलून भिंतीवर आपटते. त्याच क्षणी त्याचा राजपुत्र होतो. तिच्या नकाराने जादू सुटली. पुढे कधीतरी त्या आपटण्याचा मुका झाला, आणि नको असलेल्या जिवाला प्रेमाने जवळ घेतलं की तो सुधारतो, असा अगदी उलटा धडा मुलींना मिळाला. ही गोष्ट सांगताना मी भिंतच ठेवते.

मात्र तोंडी परंपरा म्हणजे मुक्त बायकांचं राज्य आणि छापील पुस्तक म्हणजे कैद, असं चित्र मी रंगवणार नाही. सांगणाऱ्या बायकाही त्याच समाजात वाढलेल्या होत्या. आगाऊ मुलीला अद्दल, आळशी मुलीच्या अंगावर डांबर, गर्विष्ठ राजकन्येला भीक मागायला लावून वठणीवर आणणं, हे सगळं त्यांनीही चवीने सांगितलं आहे. शांत मुलीला बक्षीस आणि फटकळ मुलीला शिक्षा, हा साचा युरोप-आशियात सगळीकडे सापडतो आणि तो मला कुठल्याच रूपात आवडत नाही. फरक असा, की तोंडी परंपरेत त्या साच्याशेजारी त्याला छेद देणारी गोष्टही जिवंत असायची आणि ऐकणारीला दोन्ही मिळायच्या. छापखान्याने त्यातली एक निवडली.

ही निवड किती निर्णायक असते ते निळ्या दाढीवाल्याच्या गोष्टीत कळतं. पेरॉच्या कथेत नवरा किल्ल्या देतो, एक खोली उघडू नकोस म्हणतो, बायको उघडते, आत आधीच्या बायकांची प्रेतं. नवरा तिला मारायला निघतो आणि अगदी शेवटच्या क्षणी तिचे भाऊ येतात. तात्पर्यात पेरॉ बायकांच्या कुतूहलाला दोष देतो. खून केले नवऱ्याने, बोल लागला किल्ली फिरवणारीला! आता ग्रिमच्या संग्रहातली 46 वी कथा, 'फिचरचा पक्षी'. इथे जादूगार तीन बहिणींना एकीमागून एक पळवतो. प्रत्येकीला एक अंडं देतो, ते कायम जवळ ठेव म्हणतो, आणि एक खोली वर्ज्य. दोघी खोली उघडतात, अंडं हातातून रक्तात पडतं, डाग जात नाही, त्या मरतात. तिसरी आधी अंडं नीट जपून ठेवते, आणि मगच खोली उघडते. कुतूहल तिलाही आहेच, शिक्षा तेवढी चुकवायची तिने सोय केलेली आहे. आत बहिणींचे तुकडे पडलेले. ती ते एकेक करून जुळवते आणि दोघी जिवंत होतात. जादूगाराची तिच्यावरची सत्ता संपते. मग ती बहिणींना टोपलीत लपवून वर सोनं पसरते आणि ती टोपली त्याच्याच पाठीवरून माहेरी पोचवते. तो वाटेत टेकला की टोपलीतून आवाज येतो, "मी खिडकीतून बघतेय, चल पुढे." इकडे ती एका कवटीला फुलं आणि दागिने घालून नवरी म्हणून खिडकीत ठेवते, स्वतः मधात बुडते, पिसांत लोळते आणि विचित्र पक्षी होऊन त्याच्याच पाहुण्यांसमोरून चालत निघून जाते. शेवटी तिचे भाऊ आणि नातेवाईक येऊन त्या घराला आग लावतात.

एवढी ताकदीची नायिका जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध परीकथा-संग्रहात आहे आणि बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नाही. याचं एक उत्तर 2003 मध्ये लोरी बेकर-स्पेरी आणि लिझ ग्रॉवरहोल्झ या दोन समाजशास्त्रज्ञांनी दिलं. त्यांनी ग्रिमच्या 168 कथांमध्ये स्त्रीसौंदर्याचे उल्लेख मोजले आणि पुढे त्यातल्या कोणत्या कथा पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या, त्यांच्यावर चित्रपट निघाले, ते पाहिलं. जिथे सौंदर्याचा उल्लेख जास्त, त्या कथा जास्त टिकल्या. म्हणजे शेकडो कथांमधून आपण ज्या मोजक्या 'अभिजात' म्हणून ओळखतो, त्यांचा निकष बऱ्याच अंशी हाच होता.

हा वाद नवा नाही. 1970 मध्ये अमेरिकन लेखिका अ‍ॅलिसन ल्युरी यांनी म्हटलं, की लोककथांत खंबीर बायका भरपूर आहेत, त्या मुलींना द्याव्यात. 1972 मध्ये मार्सिया लीबरमन यांनी उत्तर दिलं, की कपाटात असतील, पण मुली ज्या गोष्टी प्रत्यक्षात ऐकतात त्यांत मुली वाट बघत बसतात, आणि मुलींना घडवतात त्या ऐकलेल्याच गोष्टी. माझ्या मते दोघीही बरोबर आहेत, आणि तुमच्या-माझ्यासारख्या सांगणाऱ्यांचं काम या दोघींच्या मधल्या जागेत आहे: कपाटातली गोष्ट कानापर्यंत नेणं.

अभ्यासकांकडूनही पक्षपात झाला. व्लादिमीर प्रॉपने 1928 मध्ये रशियन अद्भुतकथांतल्या पात्रांच्या सात भूमिका मांडल्या, त्यात 'राजकन्या आणि तिचा बाप' ही मिळून एक भूमिका आहे. जगभरच्या कथांना क्रमांक देणारी आर्ने-थॉम्पसन सूची 1961 मध्ये सुधारून निघाली, तिच्यात 313 व्या कथाप्रकाराचं नाव होतं 'नायकाच्या पलायनात मदतनीस मुलगी'. गोष्टीत काय होतं? राक्षस किंवा सैतान नायकाला अशक्य कामं सांगतो, ती सगळी मुलगी करून देते. पळून जायची योजना तिची. मागे कंगवा टाकून जंगल ती उभं करते, रूपं ती पालटते. घरी पोचल्यावर नायक तिला चक्क विसरतो, आणि त्याला आठवण करून द्यायचं कामही तीच करते. तरी नायक तो आणि मदतनीस ही. 2004 मध्ये हान्स-यॉर्ग उथर यांनी सूची नव्याने केली तेव्हा नाव बदलून 'जादूचं पलायन' केलं. एवढी साधी दुरुस्ती व्हायला चाळीसहून अधिक वर्षं लागली.

हुशार शेतकरी-कन्येची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. राजा म्हणतो, कपडे घालून येऊ नकोस, उघडीही येऊ नकोस. ती मासे धरायचं जाळं गुंडाळून येते. लग्न होतं. पुढे एका गरिबाला न्याय मिळावा म्हणून ती राजाविरुद्ध युक्ती सुचवते, तेव्हा राजा तिला हाकलतो आणि म्हणतो, जाताना तुला सगळ्यात प्रिय असेल ती एक वस्तू ने. ती राजालाच गुंगी देऊन गाडीत घालून माहेरी नेते. मला ही गोष्ट फार आवडते, पण तिच्यातला काच नजरेआड करू नये: तिची बुद्धी राजाला लग्नाआधी भुरळ पाडते आणि लग्नानंतर नकोशी होते. मुलींना मी हा भाग मोठ्याने सांगते.

लग्नानंतर काय होतं, हा खरं तर बायकांच्या कथांचा मुख्य विषय आहे. ए. के. रामानुजन यांनी कन्नड आणि इतर भारतीय भाषांतल्या लोककथा गोळा करताना नेमकं हेच टिपलं. पुरुषकेंद्री कथा लग्नापाशी संपते. बायका बायकांना सांगतात त्या कथेत लग्न आरंभीच उरकतं आणि संकट त्यानंतर सुरू होतं. आपल्या शिवामुठीच्या कहाणीत हाच आकार आहे. राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला गुरांच्या बेड्यात, म्हणजे गोठ्यात जागा, खायला उष्टं, नेसायला जाडंभरडं. सिंड्रेलाच की! पण इथे छळ सासरचा आहे, आणि तिला आधार मिळतो तो रानात भेटलेल्या नागकन्या-देवकन्यांकडून. बाईला बाईच हात देते. जात्यावरच्या ओव्यांतली सीताही अशीच, सिंहासनावर बसण्यापेक्षा वनवासात टाकलेली म्हणून जास्त आठवली जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पाने अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यात या दुःखाच्या ओव्या ठिकठिकाणी आहेत.

युरोपातही सांगणाऱ्या बहुतांशी बायकाच होत्या. ग्रिम बंधूंना कथा देणाऱ्या विल्ड आणि हासेनफ्लुग घराण्यांतल्या तरुण मुली, दुसऱ्या खंडासाठी मोठा साठा देणारी दोरोथेआ फीमान. मुखपृष्ठावर नाव दोन भावांचं. फ्रान्समध्ये 1690 च्या दशकात परीकथा हा लेखनप्रकार रुजवला मादाम द'ओल्नुआ आणि तिच्या बरोबरीच्या लेखिकांनी. जबरदस्तीच्या लग्नांविषयी त्या परीकथेच्या आडून लिहीत होत्या. ब्यूटी आणि राक्षसाची छापील कथाही 1740 मध्ये मादाम द व्हिल्नव यांची, आणि 1756 मध्ये ती आटोपशीर केली मादाम द बोमाँ यांनी. आज सर्वसाधारण वाचकाला नाव आठवतं ते पेरॉचं.

गप्प राहणाऱ्या नायिकांबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. हंस झालेल्या भावांना सोडवण्यासाठी बहीण सहा वर्षं अवाक्षर न काढता, न हसता फुलांचे सदरे शिवते. तिच्यावर मुलं मारल्याचा आळ येतो, चितेपर्यंत नेतात, तरी ती बोलत नाही. काहींना यात सोशिकपणाचा गौरव दिसतो. मला तिच्या हातातलं काम दिसतं, आणि स्वतः घेतलेला निर्णयही. पण हेही खरं, की भावाने बहिणीसाठी सहा वर्षं मुकं राहिल्याची गोष्ट मला आजवर भेटलेली नाही.

म्हाताऱ्या बायकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. परीकथेने सगळ्यात जास्त अन्याय त्यांच्यावर केला असं मला वाटतं. तरुण मुलीला निदान शेवटी राज्य मिळतं, म्हातारीच्या वाट्याला भट्टी येते. तरीही मोठ्या म्हाताऱ्या तगून राहिल्या आहेत. अफनास्येवने 1855 ते 1863 या काळात छापलेल्या रशियन कथांतली बाबा यागा घ्या. कोंबडीच्या पायांवर फिरणारी झोपडी, कवट्यांचं कुंपण, आणि येणाऱ्याला खायची धमकी. पण वासिलिसा नावाची मुलगी तिने दिलेली कामं पार पाडते तेव्हा हीच म्हातारी तिला जळती कवटी देते, आणि त्या आगीत सावत्र आई आणि तिच्या मुली जळून जातात. बाबा यागा चांगली की वाईट? ती कुणाच्याही मालकीची नाही, एवढं नक्की. किंवा 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' म्हणत वाघाला चकवून निघून जाणारी आपली म्हातारी. एकटी, अशक्त, रानातून प्रवासाला निघालेली, आणि फक्त बोलण्याच्या जोरावर तरलेली. ही कथा बंगालपासून इराणपर्यंत सांगतात. रामानुजन यांच्या संग्रहातल्या एका तमिळ कथेत मुलासुनांनी छळलेली विधवा कुणालाच काही सांगू शकत नाही आणि मनात साठवून साठवून फुगत जाते. शेवटी ती एका पडक्या घरात जाऊन भिंतींना आपलं गाऱ्हाणं सांगते. एकेका गाऱ्हाण्याने एकेक भिंत कोसळते आणि तिचं अंग हलकं होत जातं.

आता प्रत्यक्ष काय करायचं. गोष्टी बंद करू नका. नायिकेच्या हातात घाईने तलवारही देऊ नका. तशी बरीच नवी पुस्तकं येतात. त्यातली मुलगी घोड्यावर बसते, लढते, पण तिला प्रश्न पडत नाहीत, भीती वाटत नाही आणि तिची एकही मैत्रीण नसते, म्हणून मला ती जुन्या राजकन्येइतकीच पोकळ वाटते. वाचून दाखवताना क्रियापदांकडे लक्ष द्या: मुलगी स्वतः काय करते, काय विचारते, काय नाकारते. तिची कापलेली वाक्यं तिला परत द्या. सिंड्रेला बापाशी एक वाक्य तरी बोलू दे. 'सुंदर' हा शब्द लोककथेत बहुधा एकदाच येतो आणि पुढे जातो, चेहऱ्याचं वर्णन चित्रकार आणि अनुवादक भरतात, तेव्हा तो एकदा म्हणा आणि सोडून द्या. नाक वाकडं, रंग काळा, पाय लंगडा म्हणून बाई दुष्ट, हे मात्र मी सरळ गाळते. कथेचं त्याने काहीही बिघडत नाही आणि ऐकणाऱ्यांत तसं मूल असू शकतं. भीती गाळू नका. लांडगा घाबरवणारा नसेल तर दोरी सोडणाऱ्या मुलीची हुशारी कळणार कशी?

एकाच गोष्टीची दोन रूपं लागोपाठच्या रात्री सांगा, उदाहरणार्थ शिकाऱ्याचा लांडगा आणि टाकीत बुडणारा लांडगा. कुठली खरी, असं मुलगी विचारेल. दोन्ही, असं सांगा, आणि तिसरी तिला रचू द्या. निव्हर्नेची सुटकाही सात वर्षांच्या मुलीला चालते, त्यातला मुलीला आजीचं रक्तमांस खायला घालण्याचा भाग वगळून. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरून आलेली केटची गोष्ट शोधा: आई सावत्र मुलीचं डोकं मेंढीचं करते, तेव्हा सख्खी मुलगी केट त्या सावत्र बहिणीला घेऊन घर सोडते, तिलाही बरं करते आणि वाटेत एका आजारी राजपुत्रालाही. सावत्र बहिणींचं वैर गृहीत धरलेल्या मुलांना ती ऐकताना नवल वाटतं. 'फिचरचा पक्षी' मात्र बारा-तेरा वर्षांनंतर.

आणि मुलाला वगळू नका. हुशार शेतकरी-कन्या आणि बेडूक आपटणारी राजकन्या त्यालाही तितक्याच लागू आहेत. जादूच्या पलायनाची गोष्ट झाल्यावर त्याला विचारा, यात अवघड कामं कुणी केली, आणि त्याने बोटांवर मोजून सांगेपर्यंत थांबा.